अकरा : गाडीच्या दिव्यांची पैज

मागल्या दसऱ्याला साकोऱ्यांच्या मोटारीपुढं गॅसबत्ती घेऊन माणूस चालला, ही गोष्ट निगडीला वर्षभर पुरली.

मोटार विलायती, बावन्न सालची, काळी कुळकुळीत. बासष्टला कारखान्यांना जमिनी गेल्या तेव्हा हिंदुरावांनी ती एका पारशाकडून घेतली, आणि त्या वर्षापासून सीमोल्लंघनाचा पहिला मान बैलगाडीकडनं मोटारीकडं आला. दसऱ्याला दिवेलागणीच्या वेळी हिंदुराव स्वतः गाडी चालवत रावेतच्या वाटेवरच्या शमीपर्यंत जायचे. मागं पालखी, पालखीमागं गाव. पण गाडीचे दिवे आताशा असे झाले होते की ते लागलेत का हे बघायला जवळ जावं लागायचं. मागल्या साली गाडी सरळ कडब्याच्या गंजीत घुसली. मग कुणा शहाण्यानं गॅसबत्ती पेटवून पुढं धरली, आणि हे तालेवार घराणं त्या बत्तीमागनं, चालणाऱ्या माणसाच्या बेतानं, शमीला पोचलं.

हिंदुरावांना ते अजून डाचत होतं. डाचलं म्हणून त्यांनी काही केलं असं मात्र नाही. केलं ते थोरल्यानं, दौलतरावानं, आणि तो काही करतो म्हणजे नुसती नासाडी. त्यानं मुंबईहून दुप्पट ताकदीचे बल्ब आणून बसवले. उजेड होता तेवढाच राहिला, वर डॅशबोर्डावरचं बटन इतकं तापलं की जळका वास सुटला.

अठ्ठ्याहत्तरच्या घटस्थापनेला सकाळी ओसरीवर चहा चालला होता आणि हीच चर्चा होती.

"बल्ब भिकार निघाले," दौलतराव म्हणाला. "दुकानदारानं फसवलं."

"तुला फसवायला दुकानदार कशाला पायजे," हिंदुराव म्हणाले.

धाकटी सून नीला कपबश्या गोळा करत होती. कामावर जायची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. भोसरीच्या एका कारखान्यात ती चार वर्षं रिले बनवायच्या लाइनवर होती. बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी करायची, पट्टी बसवायची, टिकटिक वाजते का बघायचं. घरात कुणी तिला कधी विचारलं नव्हतं की रिले म्हणजे काय. हिंदुरावांच्या लेखी सून बसस्टॉपवर डबा घेऊन उभी राहते एवढंच त्या नोकरीचं वर्णन होतं.

"बल्बाचा दोष नाही," ती म्हणाली. "दिव्यापर्यंत करंटच पोचत नाही. बॅटरीतनं निघतो, बटनातनं फिरून येतो, पंचवीस वर्षांच्या बारीक वायरीतनं जातो. मी मागच्या रविवारी मीटर लावून बघितलं. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, दिव्यावर साडेनऊ. आणि मोठा बल्ब लावला की आणखी कमी. म्हणून बटन तापतं."

सासऱ्यापुढं सुनेनं एवढी लांब वाक्यं बोलायची चाल या घरात नव्हती.

"मग काय करावं म्हणता, इंजिनेरबाई?" दौलतरावानं विचारलं.

"दोन रिले लावायचे, दादा. एक अप्परला, एक डिप्परला. बॅटरीपासनं जाड वायर नव्यानं ओढायची. लॉरीच्या हॉर्नला लागतात तसले रिले चिंचवड स्टेशनवर मिळतात."

हिंदुरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते चिडले की असं करत. गेले आठ दिवस त्यांच्या मनात हीच सून होती, पण दिव्यांसाठी नव्हे. कारखान्यानं तिला लाइनवरनं उचलून तपासणीला घ्यायचं ठरवलं होतं. दहा बायकांच्या कामावर ही सही करणार. हो की नाही ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. जयसिंगनं, तिच्या नवऱ्यानं, ही बातमी घरात अशी सांगितली की जशी काही पोरीनं चोरी केलीय. हिंदुरावांना वाटलं होतं, दोन-चार वर्षं हौस भागवील आणि आपसूक घरी बसेल. ही तर वर चढायला निघाली.

"ठीक हाय," ते म्हणाले. "लाव तू दिवे. दसऱ्याला गाडी आपल्या दिव्यांवर शमीला गेली, तर घे ती बढती. माझी ना न्हाई. न्हाई गेली, तर दुसऱ्या दिवशी राजीनामा. परत नोकरीचं नाव काढायचं न्हाई. हाय कबूल?"

त्यांना खात्री होती ती नाही म्हणेल.

"हो मामंजी," नीला म्हणाली, आणि कपबश्या घेऊन आत गेली.

जयसिंग तिच्यामागं स्वयंपाकघरात आला. तो एका मोठ्या कंपनीत टाइमकीपर होता. जमीन गेली म्हणून मिळालेली नोकरी. इतर लोक कामावर कधी आले नि कधी गेले हे लिहायचं, एवढंच काम, आणि त्याला ते झेपत होतं.

"काय गरज होती तोंड उघडायची?"

"तुम्ही उघडलं नाहीत म्हणून मी उघडलं."

"आबांसमोर पैज लावतेस? हरलीस तर माझं तोंड दिसेल का कुणाला?"

नीलाला हसू आलं आणि रडूही आलं. या माणसाला काळजी कसली, तर स्वतःच्या तोंडाची. तिला ती बढती हवी होती, आणि का हवी हे तिला स्वच्छ माहीत होतं. कारखान्यात तिला लोक नीलाताई म्हणत. एखादा रिले अडला की सुपरवायझरसुद्धा म्हणायचा, बघा हो काय झालंय. या घरात पाच वर्षांत तिला कुणी 'बघ काय झालंय' म्हणून काही विचारलं नव्हतं. भाजीत मीठ किती, एवढंच काय ते विचारायचे.

"हरणार नाही मी," ती म्हणाली.

*

पुढचे सात दिवस कारखान्यातनं आली की नीला हात-पाय धुऊन सरळ गाडीच्या शेडमध्ये जायची. शेडसमोरच्या कट्ट्यावर तिच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, तांदूळ निवडत बसत. आधी त्या तिथं बसत नसत. उजेड मागच्या दारी चांगला. पण सून बॉनेटमध्ये वाकून काय करते हे बघायचं होतं, आणि आपण बघतोय हे कबूलही करायचं नव्हतं.

रुक्मिणीबाईंना ही सून आवडत नव्हती. सांगवीची, मॅट्रिक, ताठ मानेची. पण नावडतीची गंमत अशी की तिच्यावरनं नजर हलत नाही. आवडती थोरली सून केसरबाई दिवसभर डोळ्यापुढं असायची आणि दिसायची नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्यानं राहवेना. "काय गं, ती डबी कसली?"

नीलानं काडेपेटीहून जरा मोठी लोखंडी डबी हातात धरली. "हाच रिले, आत्याबाई."

"हा उजेड देतो व्हय?"

"उजेड बल्बच देणार. हा नुसता वाट मोकळी करतो. तुमच्या माहेरी पाटाचं पाणी होतं ना? लांबनं, कच्च्या पाटानं आणलं तर वाटेतच निम्मं मुरतं."

"मुरतंय की."

"तसंच हे. आत्ता सगळा करंट बटनापर्यंत जाऊन परत येतो आणि वाटेत मुरतो. आता मी बॅटरीपासनं दिव्यापर्यंत नवा पाट काढलाय, रुंद आणि जवळचा. पाटावर दार बसवलंय, ती ही डबी. बटनानं फक्त हाक मारायची, दार उघड म्हणून. हाकेला करंट लागतो इवलासा. वाहायचं काम पाट करणार."

रुक्मिणीबाईंनी सुपातला खडा काढून फेकला. "म्हंजी आपल्या घरासारखंच झालं. हाक मारनारा येगळा, वाहनारा येगळा. आन बटनाला वाटतंय आपनच दिवा लावला."

नीलानं बॉनेटमधनं मान वर काढली. सासूबाई खाली मान घालून पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

अष्टमीच्या संध्याकाळी काम संपलं. नीलानं बटन ओढलं. डबीत टिक्क झालं आणि समोरच्या गोठ्याची भिंत सगळी उजळली. शेणाच्या गोवऱ्या मोजून घ्याव्यात एवढा उजेड. जयसिंग दारात उभा होता. तो आत निघून गेला.

ओसरीवर केसरबाईही उभी होती, आणि तिला तो उजेड नको होता. केसरबाईला दुष्ट म्हणावं एवढी ती मोठी नव्हती. तिचं दुखणं साधं होतं. नीला सकाळी सहाला बाहेर पडते, म्हणजे चौदा माणसांच्या भाकरी एकट्या केसरबाईनं थापायच्या. बढती झाली की ते जन्माचं झालं. तिनं कधी सासूकडं तक्रार केली नाही, नवऱ्याकडं केली नाही, कारण तक्रार केली की चांगली सून हे नाव जातं. मग तो राग जिथं वाट मिळेल तिथनं निघायचा.

"यात पाणी तेवढं जाऊ देऊ नका हं, जाऊबाई," नीला बॉनेट लावताना म्हणाली. "पोरं पिचकाऱ्या खेळतात इथं. डब्या पुऱ्या बंद नाहीत."

"न्हाई जाऊ देनार," केसरबाई म्हणाली. तिनं ते नीट लक्षात ठेवलं.

*

खंडेनवमीला साकोऱ्यांच्या घरात हत्यारं बसतात. नांगराचा फाळ, विळे, कोयते, आजोबांची गंजकी तलवार आणि कारखाने आल्यापासनं पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सगळं देवापुढं मांडून हळदकुंकू वाहायचं. एकदा बसलेलं हत्यार दसऱ्याला सीमोल्लंघन करून आल्याशिवाय उचलायचं नाही. उचललं तर वर्षभर घरात हाताला यश नाही, असं हिंदुराव सांगत. इतर वर्षं हात कुणी हलवत नसेच, त्यामुळं ही समजूत कधी तपासून बघितली गेली नव्हती.

देवघरातली पूजा झाली. मग मोटारीची. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, हिंदुरावांनी पुढच्या बंपरवर फोडायला नारळ उचलला.

"मामंजी," केसरबाई पदर सावरत मागनं म्हणाली, "यंदा नवं यंत्र बसलंय नव्हं आत? त्याची पूजा बाहेरनंच करायची?"

"खरं हाय," हिंदुराव म्हणाले. "दौल्या, बॉनेट उघड."

नीला तेव्हा आत पुरणाला चटका देत होती. बॉनेट उघडलं. हिंदुरावांनी दोन्ही डब्यांना हळद लावली, कुंकू लावलं, नारळ दगडावर फोडला आणि पाणी, एक थेंब वाया जाऊ न देता, भक्तिभावानं त्या डब्यांवर ओतलं. वर तांब्यानं थोडं गोमूत्र शिंपडलं. दौलतरावानं हात जोडले आणि लगेच, दिवे लागतात का बघू म्हणून, बटन ओढलं.

आत फट् करून आवाज झाला. वास सुटला. दिवे लागले नाहीत.

नीला बाहेर आली तेव्हा सगळे बॉनेटभोवती उभे होते. डब्यांवरनं हळदीचं पिवळं पाणी ठिबकत होतं. तिला रडायला यायला हवं होतं, पण राग इतका आला की डोळे कोरडेच राहिले. आठ दिवसांचं काम यांनी आंघोळ घालून मारलं होतं.

"काय केलंत हे?"

"पूजा केली," हिंदुराव म्हणाले. "तुझ्या यंत्राला पूजा सोसंना, तर ते यंत्रच खोटं."

"मला पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर द्या. तासाभरात करते."

"हत्यारं बसल्यात." हिंदुरावांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि हा त्यांचा सगळ्यात वाईट आवाज. "उद्या शमीला जाऊन आलं की उचल. त्याच्या आदी हात लावायचा न्हाई."

"उद्या शमीला जाऊन आल्यावर दिव्यांचा काय उपयोग, मामंजी?"

"त्ये तू ठरव. पैज तू घेतलीस."

नीलानं जयसिंगकडं बघितलं. तो लिंबाकडं बघत होता. केसरबाई हार सारखा करत होती, सारखा असलेला हार.

*

दसऱ्याला दुपारी श्रीखंड-पुरी खाऊन साकोऱ्यांचे पुरुष ओसरीवर आडवे झाले. दौलतराव तोंड उघडं टाकून घोरत होता. रुक्मिणीबाई स्वयंपाकघरातनं निघाल्या, त्या सरळ शेडकडं. नीला गाडीच्या पायरीवर बसली होती. रुक्मिणीबाईंनी पदराखालनं सांडशी आणि लोखंडी उलथनं काढून तिच्या मांडीवर टाकलं.

"ही हत्यारं न्हाईत. ही बसवली आसती तर आज पुऱ्या कशानं तळल्या आसत्या?"

नीलानं वर बघितलं. "आत्याबाई, तुम्ही..."

"तुझ्यासाटी न्हाई करत. मला परत त्या बत्तीमागं बसायचं न्हाई. सगळ्या गावापुढं शेंबडी म्हैस मिरवावी तसं मिरवलं मला मागल्या साली. ऊठ."

उलथन्याचं टोक स्क्रूला बरोबर बसलं. सांडशीनं नट फिरला. नीलानं डब्या सोडवल्या, आतलं पाणी झटकलं, धुतल्या फडक्यानं कोरड्या केल्या आणि उन्हात पापडाच्या ताटात ठेवल्या. वाळल्यावर जुन्या पोस्टकार्डाची पट्टी कापून आतले टेकणारे बिंदू दोन-दोनदा पुसले. रुक्मिणीबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या आणि मधनंमधनं ओसरीकडं नजर टाकत होत्या.

"जळलं काय म्हनायचं?"

"ही." नीलानं बोटाच्या पेरासारखी काचेची नळी वायरीवरच्या पितळी चिमटीतनं काढून दाखवली. आतली तार वितळली होती. "फ्यूज. बरं झालं ही जळली, नाहीतर वायरी जळल्या असत्या. माझ्याकडं आणखी चार आहेत."

"आन ही काडली तर?"

"दोन्ही दिवे बंद. सगळा करंट हिच्यातनंच जातो."

रुक्मिणीबाईंनी मान हलवली. नव्या नळीनं दिवे लागले तेव्हा उन्हातसुद्धा ते कळत होतं. त्यांनी सांडशी उचलली, पदराखाली घेतली.

"बासष्टला मोजनीदार आले," त्या एकदम म्हणाल्या, "तवा विहिरीचं इंजिन मी चालू करत व्हते. ह्यांना येत नव्हतं. हँडल मारलं की ह्यांचा हात उलटायचा. पर सायेब आला की हेच पुढं. आमी बसवलं, आमी चालवतो. मी दाराआड. एकदा वाटलं, जाऊन बंद करून यावं. मग बघू कोन चालवतंय." पदराखालची सांडशी सारखी करत त्या म्हणाल्या, "न्हाई केलं. त्याचं अजून वाईट वाटतंय."

*

दिवेलागणीला गाव वेशीवर जमलं. जुने सरपंच उद्धवराव पालखीपाशी उभे होते. हिंदुराव गाडीत बसले, शेजारी दौलतराव, मागं रुक्मिणीबाई आणि दोन्ही सुना. जयसिंग बाजूनं चालत होता. नीलानं दिवे दुरुस्त झाल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. हिंदुरावांनी सवयीनं बटन ओढलं.

समोरचा रस्ता वडापर्यंत पांढरा झाला. पुढं उभी असलेली माणसं डोळ्यावर हात घेऊन बाजूला झाली. बाभळीच्या फांद्या, कडेचा ओहोळ, दगडावर बसलेलं मांजर, सगळं दिसायला लागलं. गाव एकदम बोलायला लागलं.

"हिंदुराव, हे काय," उद्धवराव गाडीपाशी आले. "दिवस उगवला की. कुणी केलं?"

पैज हरल्याचं हिंदुरावांच्या लक्षात आलं आणि त्याच क्षणी त्यातनं निसटायची वाटही दिसली. आयुष्यभर ते अशाच वाटांवरनं चालत आले होते.

"आमच्या जयसिंगनं. कंपनीत आसतोय न्हव तो."

"वा रे पठ्ठ्या," उद्धवरावांनी जयसिंगच्या पाठीवर थाप मारली. मग आणखी चौघांनी मारली.

जयसिंगनं तोंड उघडलं होतं. खरं सांगायचं तर तो 'नाही' म्हणणार होता, असं त्यानं नंतर स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं. पण आबा कधी चार माणसांत त्याचं नाव घेत नसत. दौल्या, दौल्या, सगळं दौल्या. आज पहिल्यांदा घेतलं. पाठीवर थापा पडत होत्या, गावातली पोरं त्याच्याकडं मान वर करून बघत होती. त्यानं तोंड मिटलं आणि हसला. मागच्या काचेतनं नीलाचा चेहरा दिसत होता, म्हणून त्यानं तिकडं बघितलं नाही.

शमीपाशी पूजा झाली. लोक आपट्याची पानं देत-घेत होते. अंधार पडत आला होता आणि गाडीचे दोन्ही दिवे शमीवर टाकून ठेवले होते. हिंदुराव खुशीत होते. सांगितलेलं खोटं त्यांना तासाभरात स्वतःलाच पटलं होतं. नीला पाया पडायला आली तशी त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सूनबाई, दिवे लागले, चांगलं झालं. पर लावले ते जयसिंगनं. पैज तुझी व्हती. उद्या कंपनीत जा आन न्हाई म्हनून सांगून ये."

नीला उभी राहिली. "मामंजी, काम मी केलंय. तुम्हाला ठाऊक आहे."

"बाईमानसानं गाडीचं काम केलं म्हणून सांगशील गावात?" दौलतराव हसला. आणखी दोघे-तिघे हसले. "जयसिंग, तू सांग रे."

जयसिंग हातातली पानं मोजायला लागला.

नीलाला त्या क्षणी नोकरी गेल्याचं दुःख झालं, पण त्याहून मोठं दुःख त्या पानांचं झालं. पाच वर्षं ती या माणसाच्या शेजारी झोपली होती.

तेवढ्यात दिवे गेले.

शमी गेली, माणसं गेली, फक्त पालखीपुढच्या दोन पणत्या उरल्या. गलका झाला. हिंदुराव चाचपडत गाडीत शिरले आणि बटन ओढलं, ढकललं, परत ओढलं. काही झालं नाही. गाडीच्या नाकापाशी, उघड्या बॉनेटजवळ, रुक्मिणीबाई उभ्या होत्या. नऊवारीचा काचा मारलेला, डोक्यावर पदर, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"जयसिंग," त्या म्हणाल्या. "गेले दिवे. तू लावले व्हतेस न्हव? लाव."

जयसिंग पुढं आला. कुणीतरी हातातली बॅटरी पेटवून धरली. त्यानं आत वाकून एका वायरीला हात लावला, दुसरीला लावला. एका डबीवर टिचकी मारली. मग दिव्याच्या काचेवर थाप मारली. लोक बघत होते.

"आई, काहीतरी ढिलं झालंय बहुतेक."

"कुटं?"

त्यानं पुन्हा पहिल्याच वायरीला हात लावला.

"दौल्या, तू बघ. तू म्हनलास बाईमानसाला येत न्हाई."

दौलतरावानं वाकूनसुद्धा बघितलं नाही. त्याला अचानक पालखीची काळजी वाटायला लागली आणि तो तिकडं गेला.

"रुक्मिनी," हिंदुराव गाडीतनं म्हणाले, "गावापुढं तमाशा करू नको. काय काडलंयस ते दे."

"देते की. ज्याचं हाय त्याला देते." त्यांनी मूठ उघडली नाही. "आदी ह्या मानसानं सांगायचं दिवे कुनी लावले. माझ्या पोटचा हाय. मलाबी लाज हाय."

उद्धवरावांनी हातातली आपट्याची पानं खिशात घातली. केसरबाई गाडीच्या दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्या मनात आलं, या म्हातारीनं आपल्यासाठी कधी काही काढून हातात धरलं नाही. आणि मग मनात आलं की आपण कधी तोंड उघडलं नाही. ती दारापासनं निघून नीलाच्या शेजारी येऊन उभी राहिली. एवढंच केलं तिनं.

"नीलानं," जयसिंग म्हणाला.

चार माणसांत बायकोचं नाव घ्यायची चाल साकोऱ्यांत नव्हती. त्याच्या तोंडून ते आलं तेव्हा त्याचं त्यालाच दचकायला झालं.

"आयकू न्हाई आलं."

"नीलानं केलं सगळं. मी काही केलेलं नाही."

"तेवढं मात्र खरं बोललास," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि मूठ उघडली.

नीलानं काचेची नळी घेतली, अंधारात हातानंच चिमटीत बसवली, बॉनेट लावलं. हिंदुरावांनी बटन ओढायला हवं होतं. त्यांनी आधी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग टिक्क झालं आणि शमी पुन्हा दिसायला लागली, आणि शमीखाली उभी असलेली सगळी माणसं, कुठं बघावं ते न कळणारी.

"उद्या काय सांगायचंय ते सांग त्यांना," हिंदुराव समोरच्या काचेकडं बघत म्हणाले. आपण शब्द पाळला असं त्यांना घरी पोचेपर्यंत वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी जयसिंग, रोज तिला स्टॉपवर सोडायचा तो, स्कूटर घेऊन अर्धा तास आधीच निघून गेला. नीला पायी स्टॉपवर गेली, बसनं भोसरीला पोचली आणि वेळेवर पोचली. ऑफिसातल्या कारकुनानं बढतीचा फॉर्म पुढं सरकवला आणि पूर्ण नाव लिहा म्हणाला. तिनं नीला लिहिलं, मग पेन थांबवलं, आणि विचारलं, मधलं नाव गाळलं तर चालेल का.

"नाही चालत, बाई," कारकून म्हणाला. "नवऱ्याचं नाव लागतंच."

तिनं लिहिलं, आणि कामाला गेली.